कार्नेशनच्या वहीतला कोरा रकाना

माझे अक्षर चांगले आहे, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगू नये. परंतु उल्हासनगरच्या कचेरीच्या आवारात माझ्या शेजारी टेबल मांडून बसणारे इतर लेखनिकही, मनातून जळत का होईना, ते मान्य करीत असत. माझे शालेय शिक्षण आठवीच्या सहामाहीपर्यंत झाले. त्यापुढचे शिक्षण मी लोकांच्या अडचणींतून घेतले. रेशनकार्डावरचे चुकलेले नाव, भिंतीवरून लागलेले भांडण, हरवलेला दाखला, अडलेले निवृत्तिवेतन, माणसाच्या आयुष्यात जे जे बिघडू शकते ते सर्व माझ्या हातून फुलस्केप कागदावर उतरले आहे. अर्ज कसा लिहावा हे मला ठाऊक आहे. घडलेल्या गोष्टींपैकी कोणत्या लिहाव्यात आणि कोणत्या वगळाव्यात, हेही मला ठाऊक आहे. येथे जे सांगत आहे ते या दुसऱ्या विद्येविषयी आहे.

ऐंशीचे दशक संपत आले होते. दिवाळीच्या सुमारास एका दुपारी एक वृद्ध बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. बदलापूरच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर शास्त्र हा विषय शिकवला होता. लग्न केले नव्हते. कागदपत्रांत जन्मसाल चुकल्यामुळे त्यांचे निवृत्तिवेतन अडले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे स्वतः लिहिणे त्यांना जमत नव्हते. मी अर्ज तयार केला आणि त्यांच्या सांगण्यावरून मोठ्याने वाचून दाखवला. तो सव्वा पानांचा होता आणि मला स्वतःला तो फार चांगला साधल्यासारखा वाटला होता.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “अर्जनवीस, हा अर्ज आहे की आरती?”

“बाई, साहेबलोकांना असेच लागते.”

“साहेबांना जन्मसाल लागतं. ते तुम्ही अकराव्या ओळीत लपवून ठेवलंय. चार ओळी लिहा.”

मी अपमान गिळून चार ओळी लिहिल्या. त्यांनी कागद नाकाजवळ नेऊन पाहिला. डोळ्यांना जेवढे दिसले तेवढ्यावरून म्हणाल्या, “हात मात्र कापत नाही तुमचा. माझा कापतो. माझ्याकडे एक काम आहे. लिहिण्याचंही आहे आणि हाताचंही.”

त्या चार ओळींच्या अर्जावर त्यांचे काम झाले, हे मी येथे नमूद करतो. मला ते फारसे आवडले नव्हते.

बाईंचे घर बदलापुरात, ओढ्याच्या अलीकडे होते. पुढे दोन खोल्या आणि मागे एक पडवी. ती पडवी त्यांनी तिन्ही बाजूंनी जाड प्लॅस्टिकने बंद करून घेतली होती आणि वरच्या झरोक्यांना मलमल लावली होती, जेणेकरून मधमाशी आत येऊ नये. आत विटांवर फळ्या टाकून कार्नेशनच्या कुंड्या मांडल्या होत्या. राखाडी रंगाची, गवतासारखी पाने. पेरापेरांनी वाढलेल्या, काठीला बांधलेल्या बारीक दांड्या. हे झाड थंड डोंगरांवरचे. आमच्या बाजूला हिवाळ्यात ते कसेबसे फुलते आणि पावसाळ्यात बुडाशी कुजून मरते.

पहिल्या दिवशी त्यांनी मला दोन कुंड्या दाखवल्या. पहिलीतले झाड त्यांना तरुणपणी एका सहलीत डोंगरावरच्या बागेतून मिळाले होते. ओल्या कापसात गुंडाळलेली वीतभर फांदी. भरगच्च फूल, पांढऱ्यावर लाल रेघा, आणि वास असा, की कोणीतरी नुकत्याच लवंगा कुटल्या असाव्यात. दर हिवाळ्यात त्याची कलमे लावून त्यांनी ते इतकी वर्षे टिकवले होते. परंतु अलीकडे कलमांना मुळे फुटेनात. त्या वर्षी एकच झाड उरले होते. दुसऱ्या कुंडीतले झाड साधे होते. मिश्र बियांच्या पुडीतून आले होते. पाच पाकळ्यांचे, बिनवासाचे, रंग मळकट गुलाबी. पण त्याने बदलापूरचे तीन पावसाळे काढले होते.

“ही बाई आणि हा बुवा,” त्या म्हणाल्या. “हिचा वास आणि याची हाडं. दोन्ही एका झाडात आणायचंय. आणि याच हिवाळ्यात. पुढचा पावसाळा ती काढणार नाही.”

मी विचारले, इतकी वर्षे कलमेच लावली, तर आता बी कशाला?

“तुम्हाला समजेल असं सांगते. कलम म्हणजे नक्कल. शिक्का मारलेली, अस्सल बरहुकूम. पण नकलेची नक्कल काढत गेलात की अक्षर पुसट होत जातं ना? तसं झालंय हिचं. बी म्हणजे नक्कल नव्हे. बी म्हणजे नवा अर्ज. त्यात काय मंजूर होईल ते उगवल्याशिवाय कळत नाही. म्हणून बिया खूप हव्यात. पन्नास उगवल्या तर निम्मी भरगच्च येतील, निम्मी साधी. त्या पंचवीसांत एखादीला वास असेल आणि हाडंही असतील. एकच पुरे.”

मी हे सर्व वहीच्या पहिल्या पानावर सुबकपणे लिहून ठेवले. वहीचे रकाने मीच आखले. दिनांक, फुलाचा क्रमांक, पराग लावल्याची वेळ, पाकळ्यांची स्थिती, फलधारणा झाली किंवा नाही, शेरा. बाईंनी हात फिरवून विचारले, “रेघा सरळ आहेत?” मी म्हणालो, “बाई, माझ्या रेघा सरळच असतात.” त्या हसल्या. मोठे हसणे नव्हते. शिक्षकांना हसू लपवायची सवय असते तसे.

आठवड्यातून तीन दिवस मी सकाळी अंबरनाथहून बदलापूरला जाऊ लागलो आणि तेथून परत फिरून कचेरी गाठू लागलो. माझी पत्नी म्हणे, “लोकांच्या जमिनी सोडवता सोडवता आता फुलांची सुईण झालात का?” शास्त्राचे काम आपल्या हातून होत आहे या विचाराने माझी छाती, खरे सांगायचे तर, थोडी पुढे आली होती.

जानेवारीअखेर पहिले फूल तयार झाले. बाई स्टुलावर बसून तोंडाने सांगत होत्या आणि मी चिमटा चालवत होतो. आतल्या पाकळ्या एकेक करून उपटायच्या, बाहेरचे एक कडे तेवढे राखायचे. भरगच्च फुलात पुंकेसर जवळजवळ नसतातच. तेच पाकळ्या होऊन बसलेले असतात. जे दोन-तीन सापडले ते काढून टाकले. आता मध्ये फक्त हिरवा, पेरूच्या कोवळ्या फळासारखा अंडाशय आणि त्यावर शिंगांसारखे दोन पांढरे तंतू उरले.

“त्या तंतूंच्या टोकाकडे बघा. आतल्या अंगाला केस आलेत? मखमलीसारखे?”

“आले आहेत.”

“ती कुक्षी. केस आले म्हणजेच ती तयार. गुळगुळीत असेल तर तिला काही लावून उपयोग नाही, पराग धरत नाही. या फुलात नर आधी पिकतो आणि मादी आठवड्यानं. एकाच घरात राहून दोघांची गाठ पडत नाही. म्हणून तिसऱ्या माणसाचा हात लागतो.”

मी साध्या झाडाच्या फुलातला पिठाळ पराग ब्रशावर घेऊन त्या मखमलीवर लावला. तीन सकाळी ओळीने लावला. तिसऱ्या दिवशी त्या फुलाच्या पाकळ्या आत वळल्या, थकलेल्या माणसाने पापण्या मिटाव्यात तशा.

“मिटलं?” बाईंनी विचारले. त्यांना दिसत नव्हते. त्यांनी बोटाच्या टोकाने चाचपून पाहिले. “मिटलं. हीच खूण. पराग पोचला की फूल पाकळ्यांना रजा देतं. ज्याला लावूनही पाकळ्या ताठ राहतील, त्याला पुन्हा लावायचं. पुन्हा पुन्हा लावायचं. मिटलं, की सोडायचं.”

मी रकान्यात लिहिले. धारणा झाली.

फेब्रुवारीत बाईंच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया कल्याणच्या एका रुग्णालयात ठरली. दहा दिवस त्या घरी नसणार होत्या. मादीवर, म्हणजे लवंगांच्या वासाच्या त्या झाडावर, आणखी नऊ फुले उमलत होती आणि तीन कळ्या मागे होत्या. निघण्यापूर्वी त्यांनी मला किल्ली दिली आणि पाढा म्हणून घ्यावा तशी सूचना म्हणून घेतली. रोज सकाळी पाहायचे. ज्याची कुक्षी केसाळ झाली त्यालाच लावायचे. तीन दिवस ओळीने. दार उघडे ठेवायचे नाही, बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही.

“हे फूल हवेला फार भितं,” एवढेच त्या म्हणाल्या. मी कारण विचारले नाही. कारण विचारल्याने माणूस लहान दिसतो असे मला तेव्हा वाटत असे.

शनिवारी कचेरीत एक सिंधी व्यापारी आला. कॅम्पात त्याची केळ्यांची वखार होती आणि त्याच्या परवान्याचा अर्ज माझ्या लेखणीने मंजूर झाला होता. त्याने हिरव्यागार केळ्यांच्या तीन फण्या गोणपाटात बांधून माझ्या टेबलाखाली सरकवल्या.

“मुन्शीजी, ये घरके लिए. बंद कमरे में रखना, ऊपर बोरी, एक अगरबत्ती लगा देना. तीन दिन में देखो साईं, सोना!”

माझी अंबरनाथची खोली दहा बाय दहाची, तिला दार नावापुरते, आणि चाळीतली मुले हिरवी केळीसुद्धा सोडत नसत. बंद खोली माझ्या माहितीत एकच होती. शिवाय मनात एक विचार आला, आणि तो वाईट नव्हता. बाई परत येतील त्या दिवशी पिकलेली केळी त्यांच्या पुढ्यात ठेवावीत. आजारातून उठलेल्या माणसाला केळे चांगले. त्याच संध्याकाळी मी फण्या पडवीत फळीखाली ठेवल्या, गोणपाट पांघरले, एक उदबत्ती लावली आणि दार घट्ट ओढून घेतले. बाहेरची हवा आत येणार नाही याची मी खात्री केली.

रविवारी सकाळी नऊच्या नऊ फुलांना मी एकेकदा पराग लावला. कुक्षी काहींच्या केसाळ होत्या, बहुतेकांच्या गुळगुळीत. मी मनाशी म्हटले, आज सर्वांचा शुभारंभ करू. पुढे जसजशी तयार होतील तसतसे पुन्हा लावू. सोमवारी कचेरीत दाखल्यांची गर्दी होती, म्हणून गेलो नाही. मंगळवारी दार उघडले तर नऊही फुले मिटलेली.

तो क्षण मला स्वच्छ आठवतो. पडवीत केळ्यांचा गोड, जड वास भरला होता. मला एवढा आनंद क्वचितच झाला असेल. बाईंना एका फुलासाठी तीन सकाळी लागल्या होत्या. माझ्या हाताने एका लावणीत नऊ साधली होती. मी वही उघडली आणि माझ्या उत्तमातल्या उत्तम अक्षरात लिहिले. नऊपैकी नऊ. धारणा झाली. शेरा, पुन्हा पराग लावण्याचे कारण नाही.

वही मिटताना माझे लक्ष दुसऱ्या कुंडीकडे गेले. नराची फुलेही मिटली होती. पाचही. त्यांना तर कोणी काही लावले नव्हते. हे लिहावे का, असा प्रश्न मनात आला. पण वहीत नराच्या पाकळ्यांसाठी रकाना नव्हता. ज्याला रकाना नाही ते कागदोपत्री घडत नाही, हे मी वीस वर्षे कचेरीच्या आवारात शिकलो होतो. पिकलेली केळी उचलून मी दार लावून निघालो.

बाई आल्या तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी होती. वाकायचे नाही, खोकायचे नाही, सहा आठवड्यांनी चष्मा. मी त्यांच्यापुढे ताटलीत केळी ठेवली. त्यांनी एक सोलले, वास घेतला.

“छान पिकलीत हो. कुठं पिकवलीत?”

प्रश्न साधा होता. त्यात संशय नव्हता. परंतु त्यांच्या घराचा उपयोग मी त्यांना न विचारता कोठारासारखा केला हे सांगणे मला कमीपणाचे वाटले. मी म्हणालो, “घरी.”

मग त्यांनी वही वाचायला सांगितली. मी वाचली. नऊपैकी नऊ ऐकल्यावर त्यांनी माझा हात शोधून हातात घेतला आणि थोपटला. आयुष्यात शिक्षकाने माझा हात थोपटण्याची ती एकच वेळ.

“आणि नर कसा आहे?”

“उत्तम आहे,” मी म्हणालो. झाड खरोखरच उत्तम होते.

“मग त्या मागच्या तीन कळ्या खुडून टाका, अर्जनवीस. दहा बोंडं पोसायचीत तिला. एवढीशी ती, त्यात म्हातारी. सगळी ताकद बियांना जाऊ दे.”

मी कळ्या खुडल्या. हिरव्या, टणक, टोकाशी जराशी लाल रेघ दिसू लागलेल्या. त्या मी प्लॅस्टिकच्या बाहेर टाकल्या.

मार्च सरता सरता बाईंना जाड भिंगाचा चष्मा मिळाला. त्या सकाळी त्यांनी प्रथम माझ्याकडे पाहिले. “असे दिसता होय? मला वाटलं होतं, मिशा असतील.” मग पडवीत आल्या आणि बोंडांकडे वळल्या. वाळून पिवळी झालेली दहा बोंडे. त्यांनी एक चिमटीत धरून दाबले. ते कागदासारखे चेपले. दुसरे दाबले. तिसरे. मग पांढऱ्या कागदावर एकेक फोडायला घेतले. मी ज्या नऊ फुलांना धारणा झाल्याचे लिहिले होते त्या नऊ बोंडांत भुशासारखा पांढरट चुरा निघाला. जे पहिले फूल आम्ही दोघांनी मिळून केले होते त्याच्या बोंडात पाच बिया होत्या. काळ्या, चपट्या, कानाच्या पाळीसारख्या.

“नऊही मिटली होती ना?”

“मिटली होती, बाई. मी स्वतः पाहिली.”

“मग खोटीच मिटली,” त्या म्हणाल्या. “हवा लागली. या फुलाला एक वायू सोसत नाही. पराग पोचल्यावर ते स्वतःच तो सोडतं आणि मिटतं. पण तोच वायू बाहेरून आला तरी मिटतं, पराग असो वा नसो. कारखान्याचा धूर, ट्रकचा धूर, उदबत्ती, पिकणारं फळ, सगळ्यांत तो असतो. तो येऊ नये म्हणून तर प्लॅस्टिक लावलं मी. एमआयडीसीकडचा वारा झरोक्यांतून आत शिरला असणार.”

पिकणारं फळ. मी कागदावरच्या भुशाकडे पाहत राहिलो. केळ्यांनी बी मारले नव्हते, एवढे मला समजले. गुळगुळीत कुक्षीवर लावलेला पराग वायाच जाणार होता, आणि केसाळ होत्या त्यांनाही एक लावणी पुरणार नव्हती. मी पुढचे चार दिवस पुन्हा पुन्हा लावला असता तर काम झाले असते. केळ्यांनी फक्त खोटी साक्ष दिली होती. ती नोंदवून घेतली मी आणि त्यावर निकालही दिला मी. त्या वेळी बोललो असतो तरी बिया परत येणार नव्हत्या. पण बोलायला हवे होते. मी म्हणालो, “वाऱ्याचा काय भरवसा, बाई.”

“अर्ज लिहा,” त्या म्हणाल्या. “तपासायला तरी येतील. निदान पुढच्या वर्षी.”

पुढच्या वर्षी ती मादी नसणार, हे दोघांनाही ठाऊक होते.

तो अर्ज मी दुसऱ्या दिवशी दुपारी, कचेरीच्या भर गोंगाटात लिहिला. माझ्या हातून उतरलेला तो सर्वांत उत्तम अर्ज आहे. तीन पाने. एका वृद्ध शिक्षिकेच्या आयुष्यभराच्या साधनेवर विषारी वायूने घातलेला घाला, असे शब्द त्यात होते. लिहिताना माझे डोळे भरून आले. मला सर्व ठाऊक असूनही ते भरून आले, याचा अर्थ काय होतो ते मी अद्याप ठरवू शकलेलो नाही.

मे महिन्यात प्रदूषण खात्याचा एक तरुण अधिकारी खांद्याला पिशवी लावून आला. पडवीत शिरून त्याने इकडेतिकडे पाहिले.

“मॅडम, मळा कुठे आहे? अर्ज वाचून वाटलं, पाच एकर जळालंय.”

“अर्ज यांनी लिहिलाय,” बाई म्हणाल्या. “यांचा मळा मोठाच असतो.”

तो चांगला मुलगा होता. त्याने अर्जातला दिनांक पाहिला, कुंड्या पाहिल्या. मग प्लॅस्टिकच्या बाहेर विहिरीच्या कठड्यावर ठेवलेल्या कुंडीकडे बोट केले. ते नराचेच एक कलम होते. फेब्रुवारीत तेही फुलले होते.

“हे पण हेच झाड ना? त्या आठवड्यात याची फुलं मिटली होती?”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “नाही.”

“आणि आतल्या नराची?”

हा प्रश्न बाईंचा होता. चष्म्याच्या भिंगांतून त्यांचे डोळे फार मोठे दिसत. मी म्हणालो, “मिटली होती.”

“मग गॅस बाहेर नव्हताच, आत होता!” अधिकारी हसला. “काही पिकत ठेवलं होतं का आत? आमच्या गावाला आंब्याच्या आढीजवळ लग्नाचे हारसुद्धा ठेवू देत नाही आजी.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “आत काही नव्हतं. यांनी केळी आणली होती, पण ती घरी पिकवली होती. नाही का हो, अर्जनवीस?”

मी होकारार्थी मान हलवली. तक्रारीत तथ्य आढळले नाही, असे लिहून अधिकारी निघून गेला.

तो गेल्यावर बाई स्टुलावर बसल्या. बोलल्या तेव्हा आवाज रागाचा नव्हता. “मी तुम्हाला नियम सांगितला, कारण सांगितलं नाही. वर्गातही मी असंच करत असेन. इतकी मुलं गेली हाताखालून.” मग त्यांनी वही मागितली, पट्टी मागितली आणि कापत्या हाताने शेऱ्याच्या रकान्याशेजारी एक नवी रेघ ओढली. वाकडी आली. वर लिहिले, “खोलीत इतर काही.” वही माझ्याकडे सरकवून त्या आत चहा ठेवायला गेल्या. त्या मुद्दाम उशीर लावत होत्या, हे भांड्यांच्या आवाजावरून कळत होते. लेखणी माझ्या खिशाला होती. चहा आला तेव्हा रकाना कोराच होता. त्यांनी पाहिले, वही मिटली आणि साखर पुरे आहे का, असे विचारले.

पावसाळ्यात मादी बुडाशी कुजली. श्रावणात मी गेलो तेव्हा कुंडीत नुसती माती होती. दसऱ्यानंतर पाच बिया पेरल्या. तीन उगवल्या, एक जगली. फेब्रुवारीत तिला फूल आले. पाच पाकळ्या, पांढऱ्या. बाईंनी चष्मा काढून नाक फुलाला लावले, मग मला लावायला सांगितले. वास नव्हता. मी म्हणालो, “नशीब, बाई.”

“नशिबाला बोल लावू नका,” त्या म्हणाल्या. “पन्नासांत नशीब लागत नाही. पाचांत लागतं.”

त्यानंतर माझे जाणे कमी होत गेले. कचेरीत कामे वाढली होती, असे मी पत्नीला सांगत असे. ती म्हणे, “सुईणपण सुटलं वाटतं?” बाईंनी कधी बोलावणे पाठवले नाही आणि कधी दोषही दिला नाही.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर त्या वारल्या. मला आठवड्यानंतर कळले. त्यांचा भाचा, बँकेत नोकरीला असलेला प्रौढ गृहस्थ, घर रिकामे करीत होता. तो कचेरीच्या आवारात मला शोधत आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही टेबलावर ठेवली. “मावशीनं बजावलं होतं, ही अर्जनवीसांना द्या. बाकी कुंड्यांत तर काही राहिलं नव्हतं. एक गुलाबी झाड होतं, ते शेजारच्यांनी नेलं.”

मी वही उघडली. मी जाणे सोडल्यानंतरही बाईंनी ती चालू ठेवली होती. प्रत्येक पानावर वाकड्या रेघेचा तो नवा रकाना होता आणि प्रत्येक ओळीत, शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या, पसरट अक्षरात लिहिलेले होते, काही नाही. काही नाही. काही नाही. फक्त फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारची ओळ, नऊपैकी नऊच्या शेजारची, कोरी ठेवलेली होती. त्यांना भरता आली असती. त्यांनी ती मला सोडली होती.

समोर एक म्हातारा आपल्या नातवाच्या दाखल्यासाठी थांबला होता. मी त्याला बसायला सांगितले. मग लेखणी उघडली आणि लिहिले. केळ्यांच्या तीन फण्या, गोणपाटाखाली, शनिवारपासून मंगळवारपर्यंत. एक उदबत्ती. मी ठेवली. नराची पाचही फुले मिटली होती. मी पाहिली होती.

चार ओळी झाल्या. खाली सही केली. दुसऱ्यांच्या हजारो अर्जांवर मी सहीची जागा फुलीने दाखवली होती. स्वतःची सही अर्जदार म्हणून करण्याचा प्रसंग पहिलाच होता. अक्षर नेहमीसारखे आले नाही. अर्ज म्हटला की वर डाव्या बाजूस प्रति लिहावे लागते. ते लिहायला गेलो आणि थांबलो. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली, मग म्हाताऱ्याला म्हटले, “हं, बोला आजोबा, काय चुकलंय?”